१.२ लिटर पेट्रोल इंजिनातून आणखी ताकद निघेल का? (वणी–वरोरा रस्ता, मे महिना, भरलेली गाडी)

कोळसापट्टा
नमस्कार मंडळी. गाडी २०१८ ची, १.२ लिटर, चार सिलिंडर पेट्रोल, बीएस-४. कागदावर ८३ पीएस (ताकद) आणि ११३ एनएम (टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर). टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नाही.

माझं वणी ते वरोरा नेहमीचं येणं-जाणं. हा रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. खदानीतले हायवा (मोठे डंपर) एकामागे एक, मधेच ट्रॅक्टर-ट्रॉली, आणि ओव्हरटेकला मोकळी जागा थोडी. एकटा असलो तर निभतं. पण घरचे सगळे बसले, डिक्कीत सामान, एसी सुरू आणि बाहेर ४५ अंश, की साठवरून नव्वदवर जायला गाडी फार वेळ घेते. हायवाच्या बाजूला अर्ध्यात असताना समोरून दुसरा दिसला की पोटात गोळा येतो. मागे लहान पोरं बसलेली असतात. म्हणून हौसेसाठी नाही, गरजेपोटी विचारून राहिलो आहे.

नागपूरच्या एका गॅरेजने पॅकेज सांगितलं: कापडी एअर फिल्टर, फोर-टू-वन हेडर (चार सिलिंडरच्या धुराचे पाइप एकात जोडणारा भाग), ईसीयू रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं) आणि पेडलला लावायचा एक कंट्रोलर. ४५ हजार. म्हणे १५ ते २० पीएस वाढतील. करावं का? याआधी मी बरीच वर्षं १.३ डिझेल चालवली, तिच्यात असा त्रास कधी झाला नाही.

पऱ्हाटी_भौ
भाऊ, पैसे खिशातून काढाच्या पयले दोन गोष्टी सांगा. एअर फिल्टर शेवटचा कधी बदलला अन् प्लग कधी? वणी-घुग्गुस पट्ट्यात चालनारी गाडी असन तं फिल्टर पुस्तकातल्या किलोमीटरवर सोडू नका. आमच्या गावातल्या एका पोट्ट्यानं असंच पिकअप नाही म्हनून सायलेन्सर बदलला. आवाज वाढला, गाडी होती तशीच राह्यली. मंग प्लग खोलले तं गॅप पार वाढला होता.

अजून एक, क्लच पाहून घ्या. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरात ६० वर पूर्ण रेस द्या. आरपीएमचा काटा झपकन वर गेला अन् गाडी तितलीच राह्यली, तं समजा ताकद क्लचमधेच जळून राह्यली.

टॉर्क_मास्तर
कोळसापट्टा भाऊ, मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. हा प्रश्न माझ्याकडे दर उन्हाळ्यात येतो, आणि जवळपास नेहमी डिझेलवरून पेट्रोलवर आलेल्या माणसाकडूनच येतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ताकद काढायचा हिशेब सोपा आहे. टॉर्क (एनएममध्ये) गुणिले आरपीएम, भागिले ७०२४, की पीएस मिळतात. तुमच्या जुन्या १.३ डिझेलला २००० आरपीएमलाच १९० एनएम मिळत होते. म्हणजे २००० ला ५४ पीएस हाताशी. पाय दाबला की गाडी निघायची, गिअरकडे हात न्यावा लागत नव्हता. ती सवय अंगात बसली.

आता या पेट्रोलचं पाहू. साठच्या वेगाला पाचव्या गिअरात इंजिन अंदाजे १६०० आरपीएमवर असतं. तिथे टॉर्क ९० एनएम धरा. ताकद आली २० पीएस. त्याच वेगाला तिसऱ्यात साधारण २७०० आरपीएम, टॉर्क १०३ धरला तर ४० पीएस. दुसऱ्यात ४००० च्या आसपास, टॉर्क ११२ च्या घरात, म्हणजे ६४ पीएस. गाडी तीच, रस्ता तोच, वेग तोच. पाचव्यात पाय पूर्ण दाबून तुम्ही २० पीएसवर हायवा पार करायला निघता आणि त्याच क्षणी दुसऱ्या गिअरात ६४ पीएस तयार असतात. नागपूरचं पॅकेज १५-२० ची गोष्ट करतं. इथे गिअरच्या दांडीनं ४४ चा फरक पडतो.

आता उन्हाची गोष्ट. टर्बो नसलेलं इंजिन बाहेरची हवा जशी आहे तशीच ओढतं. २५ अंशांपेक्षा ४५ अंशांची हवा साधारण ६ टक्के विरळ असते. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन ६ टक्के कमी गेला की ८३ चे ७८ होतात. वर गरम हवेत इंजिन ठोकू नये (इंधन आपोआप अवेळी पेटून खडखडू नये) म्हणून ईसीयू स्पार्क थोडा उशिरा देतो, त्यात आणखी जातात. एसीचा कॉम्प्रेसर आपला वाटा घेतो तो वेगळा. बऱ्याच गाड्यांत पेडल पूर्ण दाबल्यावर ईसीयू कॉम्प्रेसर काही सेकंद सोडवतो, पण अर्ध्या पेडलवर नाही. मे महिन्यात चंद्रपूर-यवतमाळ पट्ट्यात गाडी मंद वाटते हा भास नव्हे.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. या इंजिनात कंपनीनं ताकद दडवून ठेवलेली नाही. जी आहे ती ४००० च्या वर आहे, आणि जी गेली आहे ती उष्णता, धूळ आणि झिजलेल्या सामानात गेली आहे. आधी गेलेली परत आणा.

कोळसापट्टा
मास्तर, हे आकडे पाहून खरंच थक्क झालो. पण एक शंका. साठवर दुसरा टाकला की इंजिन ओरडतं. बायको विचारते काही तुटलं का. रोज असं केलं तर इंजिन लवकर जाणार नाही का?

टॉर्क_मास्तर
नाही जाणार. ज्या इंजिनाची कमाल ताकदच ६००० ला आहे ते ४०००-५००० वर काही सेकंद फिरण्यासाठीच बनलं आहे, आणि वर रेव्ह लिमिटर (ठरावीक आरपीएमच्या पुढे जाऊ न देणारी सोय) आहेच. अटी दोन: इंजिन गरम झालेलं असावं आणि ऑइल योग्य ग्रेडचं, पातळी पूर्ण. उलट १६०० वर पाचव्या गिअरात पाय दाबून धरणं, ज्याला आपण गाडी कण्हते म्हणतो, ते बेअरिंग आणि पिस्टनला जास्त वाईट.

पद्धत अशी ठेवा. हायवाच्या मागे अंतर ठेवून चला, रस्ता मोकळा दिसायच्या आधीच दुसरा टाकून घ्या, मग निघा. ८० च्या पुढे तिसरा. अर्ध्यात गेल्यावर गिअर शोधू नका. आणि एक नक्की पाळा: ९० च्या पुढे वेग असताना दुसरा चुकूनही टाकायचा नाही. वरून खालच्या गिअरात गेल्यावर लिमिटर इंजिनाला वाचवू शकत नाही, चाकंच त्याला फिरवतात.

हाय_रेव्ह
मास्तरांशी बहुतेक सहमत, पण एन-ए (टर्बो नसलेल्या) इंजिनात काहीच निघत नाही असं कुणी समजू नये. निघतं. मी हिंगणघाटचा, हाच माझा छंद आहे, आणि टर्बोपेक्षा मला हाच प्रकार जास्त प्रिय आहे. फक्त निघतं कुठून ते नीट समजून घ्या.

होंडाची एस-२००० घ्या. १९९९ ची गाडी, १९९७ सीसी, टर्बो नाही, जपानात २५० पीएस ८३०० आरपीएमला. टॉर्क २१८ एनएम, म्हणजे लिटरमागे १०९. आपल्या १.२ चा लिटरमागे ९४. टॉर्कमधला फरक १५-१६ टक्के, पण लिटरमागे ताकद १२५ विरुद्ध ६९! बाकी सगळी कमाई आरपीएमची. त्यासाठी होंडानं फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या) पिस्टनपासून व्हॉल्व्ह स्प्रिंगपर्यंत सगळं ९००० झेलेल असं केलं. ८४ मिमी स्ट्रोकच्या त्या इंजिनात ९००० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २५ मीटर होतो. ते काम हेडर-फिल्टरनं होत नाही.

आता तुमच्या पॅकेजचा हिशेब करू. ८३ चे १०० पीएस हवेत तर ६००० आरपीएमला ११७ एनएम लागतील. तुमच्या इंजिनाचा कमाल टॉर्कच ११३ आहे, तोही ४२०० ला. ६००० पर्यंत तो उतरून ९७ वर येतो. फक्त सॉफ्टवेअर बदलून ९७ चे ११७ होत नाहीत, कारण सॉफ्टवेअर हवा आणू शकत नाही. टर्बो गाडीत रिमॅपर बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवतो, हवा वाढते, म्हणून तिथे २०-२५ टक्के खरोखर मिळतात. इथे त्याच्या हातात स्पार्कचं टायमिंग, थोडं इंधन आणि रेव्ह लिमिट एवढंच. ५ टक्क्यांच्या आसपास धरा.

दुसरा रस्ता म्हणजे १०० एनएम ७००० ला टिकवणं. त्यालाही १०० पीएस म्हणतात. पण त्यासाठी जास्त ड्युरेशनचा कॅम (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा), कडक स्प्रिंग, हेडचं पोर्टिंग (हवेच्या वाटा घासून मोकळ्या करणं), आणि मग स्वतंत्र ट्यूनिंग. खर्च तुमच्या पॅकेजच्या कितीतरी पट. आणि तसा कॅम टाकला की खालचा टॉर्क जातो. ट्रॅकवर चालेल, कारण तिथे काटा खाली येऊच देत नाही. वरोरा रस्त्यावर ट्रॉलीमागे ३० नं चालताना त्या गाडीचा तुम्हाला वैताग येईल.

फिल्टर: स्वच्छ कागदी फिल्टरच्या तुलनेत फार तर १-२ पीएस, तेही वरच्या आरपीएमला. हेडर: बऱ्याच नव्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) मॅनिफोल्डलाच चिकटून असतो, हेडर बसवायचा म्हणजे तो काढायचा, आणि तो काढू नका. नुसता मागचा सायलेन्सर मोठा करण्याबद्दल एवढंच सांगतो: विहिरीवरची मोटर तीच ठेवून पाइप मोठा केला म्हणून पाणी दुप्पट येत नाही. पेडल कंट्रोलर: शून्य. तो फक्त अर्ध्या पेडलला इंजिनाला पाऊण पेडल सांगतो. पूर्ण पेडल तुम्ही आजही दाबू शकता.

कंपनीचंच पाहा. २०२१ च्या स्विफ्टमध्ये मारुतीनं याच मापाच्या के-सिरीज इंजिनात दर सिलिंडरला दोन इंजेक्टर, आत-बाहेर दोन्ही बाजूंना बदलतं व्हॉल्व्ह टायमिंग, थंड केलेलं ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणं), एवढं सगळं केलं. ८३ चे ९० झाले. टॉर्क ११३ च राहिला. आणि २०२४ ला तीन सिलिंडरचं नवं इंजिन आणलं ते पुन्हा ८२ च्या आसपास, कारण त्यांना अॅव्हरेज हवं होतं. इतक्या मोठ्या कारखान्याला ७ पीएस काढायला एवढं करावं लागलं.

तरी जाणार असाल तर अट घाला: आधीचा आणि नंतरचा डायनो रन (चाकांवरची ताकद मशिनवर मोजणं) एकाच मशिनवर, एकाच दिवशी, एसी बंद. आणि चाकांवर मोजलेला आकडा कागदावरच्या आकड्याशी लावू नका. ८३ चं इंजिन चाकांवर ७० च्या घरात दिसलं तर ते ठीकच आहे.

काळा_कोट_यवतमाळ
कायद्याची बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणीत जे नमूद आहे आणि निर्मात्यानं जे ठरवलं आहे त्याच्याशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच धरलं. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२-अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कन्व्हर्टर काढला तर प्रदूषणाचा विषय वेगळा.

मला दंडापेक्षा विम्याची जास्त काळजी वाटते. अपघातानंतर सर्व्हेअरनं बोनेट उघडलं आणि हेडर, कापलेली वायरिंग दिसली, तर दाव्यावर वाद सुरू होतो. ज्या रस्त्यावर तुम्ही घरच्यांना घेऊन जाता तिथे हा धोका पत्करू नये असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

सरकी_रुई
मी जिनिंगमध्ये आहे, आमच्या गाड्यांचा एकच शत्रू, धूळ. म्हणून फिल्टरवर थोडं जास्त लिहितो, कारण वणीकडे आमच्यापेक्षा वाईट स्थिती आहे.

कापडी, तेल लावायचा फिल्टर आपल्या भागात घेऊ नका. हवा मोकळी सोडतो म्हणतात, ते खरं, पण बारीक धूळही जास्त सोडतो. मुरमाची, गिट्टीची धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती पिस्टनची रिंग आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) घासते. बोअर घासला की कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं आणि मग जी ताकद जाते ती रिमॅपनं येत नाही. शिवाय तेल जास्त झालं तर ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर असतो त्याच्या तारेवर ते बसतं.

कागदी फिल्टर कंप्रेसरनं मारून-मारून वापरू नका. आपल्याकडे पंक्चरवाल्याकडे पाच रुपयांत हवा मारून घ्यायची सवय आहे. जोराच्या हवेनं कागदाला न दिसणारी भोकं पडतात. बदला, महाग नसतो. नवा बसवल्यावर डब्याच्या सगळ्या क्लिपा बसल्या का ते बोट लावून पाहा. आणि फिल्टरच्या पुढच्या पाइपात, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूनं, पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर माती आली तर कुठून तरी हवा चोरून जाते आहे. ती गळती शोधल्याशिवाय गाडी काढू नका.

आमच्याकडे कापसाच्या हंगामात अजून एक होतं. रुईचे तंतू एसीच्या कंडेन्सरवर चिकटून गादी होते. मागच्या रेडिएटरला हवा मिळत नाही, पंखा सतत फिरतो, एसीचा कॉम्प्रेसर जास्त वेळ ओढतो, बोनेटखाली उकडतं. तुमच्याकडे रुईऐवजी कोळशाची भुकटी असेल. इंजिन थंड असताना साध्या नळीच्या पाण्यानं धुवा. प्रेशर वॉशरनं पत्रे आडवे होतात.

मेळघाटची_वाट
धागा वाचून माझाही प्रश्न टाकते. मी धारणीला नोकरीला आहे, सेमाडोह मार्गे परतवाड्याला येणं-जाणं असतं, अधूनमधून चिखलदरा. गाडी कंपनीच्या सीएनजी किटची, हेच १.२ चं ९० पीएसवालं इंजिन. घाटात सीएनजीवर गाडी अगदी दमते. यात काही बिघाड असेल का?

टॉर्क_मास्तर
ताई, बिघाड असेलच असं नाही. या इंजिनाचे कंपनीचेच आकडे पाहा: पेट्रोलवर ९० पीएस, ११३ एनएम, सीएनजीवर ७७ पीएस, ९८.५ एनएम. गॅस इनटेकमध्ये हवेची जागा व्यापतो, त्यामुळे तेवढी हवा कमी जाते. त्यात उंची. दर १०० मीटरला साधारण १ टक्का ताकद कमी होते. चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर आहे, म्हणजे वर पोचेपर्यंत १० टक्क्यांच्या आसपास गेले. ७७ चे ६९ उरतात. टर्बोवाल्याला हे फारसं जाणवत नाही, कारण टर्बो विरळ हवा दाबून भरतो.

चढ लागायच्या आधी, सपाटीवरच पेट्रोलवर टाका आणि दुसऱ्या-तिसऱ्यात ३००० च्या वर चढवा. सीएनजी गाडीला प्लगची गॅप नेमून दिलेलीच हवी. गॅसला ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, झिजलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो पण गॅसवर घाटात उघडा पडतो. प्लग बदलूनही दम लागत असेल तर इंजेक्टर आणि गॅस फिल्टर तपासून घ्या. उतरताना मात्र न्यूट्रल नको, ज्या गिअरात चढलात त्यातच उतरा.

पऱ्हाटी_भौ
मास्तर, ते १०० ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं तं पिकअप वाढते म्हनतात. नागपुरात भेटते. खरं काय?

हाय_रेव्ह
भौ, ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, न ठोकता दाब सहन करायची क्षमता. ईसीयू आधीच उन्हामुळे स्पार्क मागे ओढत असेल तर जास्त ऑक्टेननं तो थोडा पुढे येतो, तेवढाच फायदा. ज्या इंजिनाला ठोकच लागत नाही त्याला काही मिळत नाही. आता पंपावर मिळणाऱ्या ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) च्या मानकातच ऑक्टेन ९५ आहे, इथेनॉलमुळे. लिटरमागे उष्मांक मात्र ६-७ टक्के कमी, म्हणून अॅव्हरेज पडतं; ताकद तितकी पडत नाही, कारण ईसीयू जास्त पेट्रोल सोडून हिशेब जुळवतो. २०१८ च्या गाडीत पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि सील दर सर्व्हिसला पाहून घ्या.

कोळसापट्टा
सगळ्यांचे मनापासून आभार. जे केलं ते लिहितो, दुसऱ्याच्या कामी येईल.

पॅकेज नाही घेतलं. फिल्टर काढला तर आतल्या घड्या काळ्या झालेल्या, डब्याची एक क्लिप तुटकी. नवा फिल्टर, नवी क्लिप. फडक्याची चाचणी केली, सुदैवानं पाइप स्वच्छ. प्लग झिजलेले, बदलले. थ्रॉटल बॉडीवर कार्बन होता, साफ केला. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं जवळपास सारखं आलं, मिस्त्री म्हणाला इंजिन ठणठणीत आहे. क्लच ठीक. एक अनपेक्षित गोष्ट सापडली: मागचं डावं चाक जॅकवर हातानं फिरेना, ड्रम ब्रेक थोडा धरून होता. कंडेन्सर धुतल्यावर खाली काळं पाणी वाहिलं.

तिसऱ्या गिअरात ६० ते १०० चा वेळ आधी आणि नंतर मोजला, मोकळ्या रस्त्यावर, भल्या सकाळी, बाजूला बसलेल्या भावानं मोबाइलवर. जवळपास दीड सेकंद कमी झाला. पण खरा फरक मास्तरांच्या आकड्यांनी पडला. आता हायवामागे दुसरा टाकून थांबतो. जागा दिसली की गाडी निघते, आणि जागा नसेल तर निमूट मागे राहतो.

उरलेल्या पैशात टायर घ्यायचे आहेत. १६ इंची अलॉय आणि रुंद टायर टाकू का? दिसायला छान वाटतात.

टॉर्क_मास्तर
ब्रेक धरून होता हे सापडलं, फार बरं झालं. ड्रमच्या आत लाइनिंग आणि केबल दोन्ही पाहा, एकच बदलून सोडू नका.

१६ इंची नको. टायरचा बाहेरचा व्यास ३ टक्के वाढला तर प्रत्येक गिअरात ओढ ३ टक्के कमी होते, आणि चाक जड झालं तर ते फिरवायलाही ताकद जाते. कंपनीच्याच मापाचा टायर घ्या. अलॉय हवाच असेल तर त्याच इंचाचा, आणि दुकानात जुन्या चाकाशेजारी ठेवून वजन करून पाहा. बरेच स्वस्त अलॉय लोखंडी रिमइतकेच जड असतात, काही त्याहून जड.

पऱ्हाटी_भौ
अन् टायर घेतानी बाजूवरचे चार आकडे वाचा. पयले दोन म्हंजे आठवडा, मंगचे दोन म्हंजे साल. इकडच्या उन्हात गोडाऊनमधी पडून राह्यलेला टायर नवा दिसते, पन रबर कडक झालेला असते. हवा सकाळी, टायर थंडा असतानीच तपासाची.